पडद्यावरचा जॅझ

अमेरिकेत १९५४ साली सुरू झालेल्या ‘टुनाइट शो’ या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाने जॅझ, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी समाजात घडलेले उत्स्फूर्त वादनप्रधान संगीत, घरोघर नेले. महाराष्ट्रात मात्र मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू होण्याच्या कितीतरी आधी हे काम चित्रपटाने केले. सी. रामचंद्रांचे संगीत असलेल्या, भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) या हिंदी चित्रपटात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट वाद्यवृंदासह पडद्यावर दिसले, आणि मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात रंगणारा हा नाद बालाजीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या देऊळगाव राजासारख्या गावांतही गाण्यांवाटे पोहोचला. चालींना वाद्यवार स्वरलेखनात बसवणाऱ्या गोमंतकीय संयोजकांची नावे श्रेयनामावलीत बहुधा आलीच नाहीत. हा अन्याय इतिहासकारांनी दूर केला पाहिजे.