मळीचे अल्कोहोल आणि गाडीतले प्लॅटिनम

मोटारीच्या सायलेन्सरच्या वाटेवर बसणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कुळकथा युजीन ह्यूड्री यांच्या १९५०च्या दशकातील कामापासून सुरू करण्याची प्रथा आहे. पुढे तो १९७५ला अमेरिकेत आला, १९९५ला आपल्या चार महानगरांत, आणि २०००ला आपल्याकडे त्याला मारक असलेल्या शिसेयुक्त पेट्रोलचा शेवट झाला. माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष अल्कोहोलच्या थेंबात सापडतो. १८२० साली एडमंड डेव्ही यांनी प्लॅटिनमची काळी भुकटी अल्कोहोलने भिजवली आणि ती ज्योतीशिवाय तापून लाल झाली. अल्कोहोलचे झाले ॲसेटिक आम्ल. कोणी म्हणेल, हम्फ्री डेव्ही यांची प्लॅटिनमची तार १८१७ सालीच कोळशाच्या वायूत धगधगली होती, आणि आजचा कन्व्हर्टरही त्या तारेसारखाच आधी तापावा लागतो. हा आक्षेप खरा आहे. पण एका पदार्थाचा दुसरा उपयोगी पदार्थ होणे अल्कोहोलच्या प्रयोगात हाती लागले, म्हणून मी मान त्यालाच देतो.

प्लॅटिनमच्या या गूढ शक्तीला १८३५ साली रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी नाव दिले. ग्रीक मुळात ‘कॅटॅलिसिस’ म्हणजे खाली सोडणे, गाठ सुटणे. आपला ‘उत्प्रेरक’ मात्र वर ढकलतो, चेतवतो. दोन्ही शब्द एकमेकांच्या विरुद्ध दिशांना तोंड करून उभे आहेत, आणि कन्व्हर्टर दोघांनाही खरे ठरवतो: नायट्रोजन ऑक्साइडची गाठ सोडवतो, कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनकडे ढकलतो. तरी दुरुस्तीच्या कामात ‘उत्प्रेरक’ थोडा फसवतो. ढकलणारा थकतो असे वाटते, आणि गाडीची ओढ कमी झाली की कन्व्हर्टरच बदलला जातो. वास्तविक उत्प्रेरक खर्चच होत नाही. तो मेला असेल, तर मारणारा दुसरा कोणी असतो: जळणाऱ्या इंजिन ऑइलमधला फॉस्फरस, किंवा मिसफायरमुळे न जळता आलेले पेट्रोल, जे आत पेटून सिरॅमिकची जाळी वितळवते. म्हणून आधी प्लग, कॉइल आणि ऑइल पाहावे. कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे वाचन पुढच्या सेन्सरसारखे भराभर हलत असेल तर जाळी निकामी झाल्याचा संशय घ्यावा, पण त्याआधी एक्झॉस्टची गळती तपासावी. जाळी चोक झाली की मागचा दाब वाढतो. तो पुढच्या सेन्सरच्या जागी गेज लावून मोजता येतो.

आता वर्तुळ पूर्ण होते. राहाता तालुक्यातील लोणीला, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात, मळीपासून अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या २००१ सालच्या पहिल्या प्रयोगांतले एक ठिकाण मनमाड, राहात्यावरून जाणाऱ्या नगर–मनमाड रस्त्याचे टोक. इथेनॉलने कन्व्हर्टर मरतो, हा संशय मला पटत नाही: त्यात ना शिसे, ना फॉस्फरस. जुन्या इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण बिघडून मिसफायर झाला, तर मारेकरी तो मिसफायर. ज्या अल्कोहोलने प्लॅटिनमचा गुण उघड केला, तेच आज पुन्हा त्याच्याशी भेटते आहे. दोष द्यायच्या आधी हे जुने नाते ध्यानात घ्यावे.