साचा, दाणा आणि ही-मॅन

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करावयाचा, त्यावर हळीव पेरावयाचे आणि मग माळ्यावरची पेटी खाली काढून गेल्या साली जपून ठेवलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे करावयाचे, हे या किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही सांगावयास नको. ज्याचा हात मोडला असेल तो मागच्या तटावर, नवा रंगीत घोडेस्वार दरवाजापाशी, आणि सिंहासनावरचे महाराज मात्र दरसालचे तेच. बाहुले जमविण्याचा छंद विलायतेहून आला असे कोणी म्हटले की आम्हांला ते म्हणूनच पटत नाही. विलायतेहून आला तो प्लास्टिकचा बाहुला आणि त्याच्यामागचा व्यापार. त्या व्यापाराचा थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

त्याला निमित्त झाले ते असे. उरणकडच्या एका कंटेनर यार्डात काम करणारे आमच्या संघटनेचे एक सभासद आहेत. त्यांच्या घरी चहाला गेलो असता काचेच्या कपाटात भांड्यांच्या जागी चाळीसएक बाहुले ओळीने उभे असलेले दिसले. पिळदार दंडांचा, पिवळ्या केसांचा ही-मॅन मधोमध, आणि शेजारी त्याचा कवटीच्या तोंडाचा वैरी स्केलेटर. आम्ही हसलो. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, अमेरिकेतला पुष्कळांकडे असतो. हा आपल्या इथला आहे, लिओचा. बाहेरदेशचे लोक हा मागतात." आम्ही विचारले, "इथला म्हणजे कोणी केला?" त्यांनी जुने पुठ्ठ्याचे कार्ड उलटे करून दाखविले. त्यावर कंपनीचे नाव होते. माणसाचे नव्हते. त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यात बसला.

मुलग्यांनी बाहुलीशी खेळावे हे अमेरिकेतही कमीपणाचे मानीत. म्हणून १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा शिपाई बाजारात आणला तेव्हा त्याला बाहुली न म्हणता 'अ‍ॅक्शन फिगर' असे नवे नाव दिले. खेळणे विकावयाचे तर आधी शब्द बदलावा लागतो, हे त्या दुकानदारांना आपल्या पुढाऱ्यांइतकेच कळत होते. पुढे १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला आणि केनर कंपनीने त्यातल्या पात्रांचे पावणेचार इंची बाहुले काढून अमाप पैसा मिळविला. बार्बीवाली मॅटेल कंपनी मागे पडली. तिने १९८२ साली उत्तर म्हणून उतरविला तो साडेपाच इंचांचा ही-मॅन.

येथे कामगाराने लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. ही-मॅनचा जो हिरवा वाघ, बॅटल कॅट, तो चित्रकाराच्या कल्पनेतून आला असे पोरांना वाटते. वस्तुस्थिती अशी की मॅटेलकडे 'बिग जिम' नावाच्या जुन्या खेळण्यातील वाघाचा साचा पडून होता. पोलादी साचा कोरावयाचा म्हणजे मोठा खर्च. तोच वाघ हिरवा रंगविला. माणसाच्या मानाने तो फार मोठा दिसू लागला म्हणून त्याच्या पाठीवर खोगीर घातले, आणि पराक्रमाची कथा तयार झाली! माणसांचेही तसेच. एकाच धडाच्या साच्यावर नवी मुंडकी बसवून पात्रामागून पात्र निघाले. कार्टून तर त्याच्याही नंतरचे, १९८३ सालच्या सप्टेंबरातले. फिल्मेशन या संस्थेने त्याचे १३० भाग केले. म्हणजे आधी कळस, मग पाया. प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना दोन शब्द उपदेशाचे ऐकवीत. त्याआधीचा सगळा वेळ मालाची जाहिरातच चाललेली असे.

आपल्याकडे ही-मॅन दूरदर्शनवर त्या दशकाच्या उत्तरार्धात आला. रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झालेलेच होते. पोरे लाकडी पट्टी आकाशाकडे उगारून ओरडू लागली. पण त्या काळी तयार खेळणी परदेशातून आणण्यावर सरकारची बंधने होती. पेटी आणता येत नाही, तर साचा आणावा, असा मार्ग निघाला. ब्लो प्लास्ट या सुटकेसवाल्या कंपनीच्या लिओ खेळण्यांनी मॅटेलशी हात मिळविला आणि ही-मॅन भारतात निघू लागला. हॅस्ब्रोने मद्रासच्या एम. आर. एफ.बरोबर १९८७ साली फनस्कूल काढली. तिचा एक कारखाना गोव्यात. अमेरिकेत खप ओसरला की तेथले साचे पुढच्या देशाला जात. ब्राझीलमध्ये गेले, आपल्याकडे आले. सगळे येत नसत. मग एकाचे धड, दुसऱ्याचे डोके, आणि रंग पाहावा तर मूळ चित्राशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतल्या संग्राहकांना आज याच रंगांचे वेड आहे. आपल्या अडचणीला त्यांच्या बाजारात दुर्मिळपणाचे मोल आले आहे.

हा बाहुला होतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. प्लास्टिकचा दाणा रंग मिसळून यंत्राच्या तोंडी ओततात, तो तापून वितळतो, दाबाने साच्यात शिरतो, थंड होतो, आणि कामगार हात घालून गरम तुकडा काढून घेतो. मग कडेची जास्तीची किनार सुरीने छाटावयाची, डोळे-ओठ रंगवावयाचे, आत रबराची कडी अडकवून पाय जोडावयाचे. यंत्र दाबते तेवढेच; बाकी सारे हातांचे काम. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख माणसे उतरली, त्यांत आपल्या कोकणातली कितीतरी. संपानंतर त्यांच्यातली व त्यांच्या घरातली माणसे मिळेल त्या लहानसहान शेडमध्ये शिरली. प्लास्टिकच्या शेडची हवा ज्यांनी घेतली आहे त्यांना जळक्या दाण्याचा वास निराळा सांगावा लागत नाही.

केवळ बाहेरच्यांना बोल लावून मोकळे होणे बरे नव्हे. आपल्या पेणला, हमरापूरला, जोह्याला जाऊन पाहा. तेथेही साचाच आहे. शाडू असो वा प्लास्टरात काथ्या घातलेला असो, मूर्ती साच्यातून निघते आणि जीव येतो तो आखणीच्या वेळी, डोळे लिहिणाऱ्याच्या हाताने. फलकावर नाव कारखानदाराचे असते. डोळे लिहिणारा मात्र गावातही नावाने क्वचितच ओळखला जातो. फरक एवढाच की गणपती दहा दिवसांत पाण्यात जातो, आणि ही-मॅन कपाटात राहतो. जो राहतो त्याच्याविषयी तरी विचारपूस व्हावयास हवी होती.

मग हा इतिहास आपल्या दारातून गेला. न्हावा-शेवा बंदराचे उद्घाटन २६ मे १९८९ रोजी झाले. त्या भागातल्या जमिनींसाठी १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण बळी गेले, हे येथे विसरता येणार नाही. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलेली परिमाणात्मक बंधने उठली, आणि याच बंदरावर चिनी खेळण्यांचे कंटेनर उतरू लागले. साचा आणून येथे बाहुला करण्याचे कारणच संपले. याच धक्क्यावरून पेणचे गणपती परदेशी जातात आणि याच धक्क्यावर कार्टूनचे बाहुले येतात. २०२० साली खेळण्यांवरची जकात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, २०२३ साली ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली. आता पुन्हा येथे कारखाने निघावेत असे म्हणतात. निघावेतच, पण रोजंदारी काय, कायम किती आणि ठेक्यावर किती, हे आम्ही विचारणारच.

आमच्या त्या सभासदांनी आपल्या संग्रहाची वही ठेविली आहे. पात्र, रंग, कार्ड, मिळाल्याचे साल, असे रकाने आहेत. रबराची कडी वाळून तुटते, तेव्हा बाहुला कमरेतून दुभंगतो. कडी कधी बदलली तेही ते लिहितात. आमच्या आग्रहावरून त्यांनी आणखी एक रकाना आखला आहे, 'केले कोणी'. १९८८ साली जी मुलगी विसाव्या वर्षी बाहुल्यांचे डोळे रंगवीत होती ती आज साठीच्या आसपास आहे. वाचकांच्या घरात, चाळीत, गावी असे कोणी असल्यास त्यांचे नाव, खाते आणि तेव्हाचा पगार आम्हांला कळवावा. वही उरणला आहे.