रुक्मिणीच्या रथाला ब्रेक होता का?

कौंडण्यपूर म्हटलं की रुक्मिणीचं माहेर आठवतं. वर्धेच्या काठचं हे गाव. भागवतात असं आहे की श्रीकृष्ण एका रात्रीत आनर्त देशाहून विदर्भात आला. दारुक सारथी, आणि शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक असे चार घोडे. घोड्यांची नावं आली, वेग आला. पण रथ थांबवला कसा, हे व्यासांनी सांगितलं नाही. चालण्याचं कौतुक सगळ्यांना, थांबण्याचं कोणालाच नाही. मोटारीच्या इतिहासातही तेच दिसतं.

आपल्या वऱ्हाडात दमणी आणि रेंगी उतारावर बैलांच्या मानेवरच रोखली जात असे. जड गाडी असली तर चाकावर लाकडाचा ठोकळा दाबायचा. युरोपातही घोडागाड्यांना असेच लाकडी ठोकळे होते. पहिल्या मोटारींनी तेच उचलले.

ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. उतारांवर लाकडी ठोकळे झिजले. तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या ब्रेकचं पहिलं अस्तर असं माहेरच्या वाटेवर तयार झालं. ब्रेक बदलून देणारा पहिला कारागीर चांभार होता, हे मला फार आवडतं.

पुढे 1897 च्या सुमारास इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूडने पाहिलं की गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं लावतात. त्यावरून त्याने घरामागच्या शेडमध्ये प्रयोग सुरू केले. फ्रूडच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून, त्यात एक जादा घालून ‘फेरोडो’ हे नाव झालं. चामडं आणि सूत तापलं की जळत असे. मग न जळणारं खनिज आलं, अ‍ॅस्बेस्टॉस. तंतूसारखं विणता येणारं, स्वस्त, उष्णतेला दाद न देणारं. साऱ्या जगाने ते डोक्यावर घेतलं.

डिस्क-ब्रेकचं पेटंट लँचेस्टरने 1902 मध्येच घेतलं होतं, पण त्याचे तांब्याचे पॅड भयंकर किंचाळत. 1953 मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क-ब्रेकची जग्वार जिंकली, तेव्हा लोकांना ते पटलं. आपल्याकडे कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटला मात्र चारही चाकांना ड्रम होते. लायनर रिव्हेट मारून बसवावे लागत. आजच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि पुढच्या चाकांना जास्त काम पडतं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. फेरोडोचं नाव घेऊन मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना उभा राहिला. असे कारखाने देशात आणखीही होते. अ‍ॅस्बेस्टॉसची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथेच रुतून बसते, आणि रोग दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये निकाल दिला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर ठेवायची. पुढे 2005 मध्ये मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीवरचा अभ्यास छापून आला. 181 कामगार तपासले, त्यांपैकी 41 जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस निघाला. युरोपीय संघात 2005 पासून बंदी आहे, अमेरिकेने 2024 मध्ये बंदीचा नियम केला. भारतात सरसकट बंदी नाही.

म्हणून एका गॅरेजात पाहिलेली गोष्ट मनातून जात नाही. पोरगं सतरा-अठराचं. चाक काढलं आणि कॉम्प्रेसरच्या पाइपने ड्रममधली काळी भुकटी फूऽऽ करून उडवली. तोंडावर रुमालही नाही. मी म्हटलं, “अरे बाबू, ओल्या फडक्याने पूस.” तो हसून म्हणाला, “गुर्जी, हे तं रोजचंच हाय!” रोजचंच आहे, हीच तर काळजी.

मंडळी, पॅड घेताना एवढं पाहा. खोक्यावर अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असं लिहिलेलं असावं, आणि पॅड आपल्याच मॉडेलचे असावेत. पॅडचं मसाल्याचं जाडपण तीन मिलिमीटरवर आलं की बदला, लोखंडाला लोखंड घासायची वाट पाहू नका. बऱ्याच पॅडांना एक पत्र्याची जीभ असते, ती किंचाळू लागली तर तो इशारा समजा. एका बाजूचा पॅड कधीच बदलू नका, डावा-उजवा जोडीनेच बदला. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. डब्यातलं ब्रेक-ऑइल खाली गेलेलं दिसलं तर नुसतं ओतू नका, आधी पॅड पाहा. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदलावं. नवे पॅड घातल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका. चिखलदऱ्याचा घाट उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबला तर पॅड तापून धरत नाहीत.

आणि चाक उघडणाऱ्या पोराला ओलं फडकं आणि मास्क तुम्हीच द्या. दहा-वीस रुपयांचं काम आहे. तो हसेल, हसू द्या.