यंत्रबाहूची स्मृति : जुळणीच्या यंत्रांचा इतिहास व त्याचीं साधनें

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या राजमार्गावर लाखनी हें तालुक्याचें ठिकाण आहे. ह्या तालुक्यांतील गडेगांव येथें अशोक लेलँड कंपनीनें १९८२ सालीं मालमोटारींचे गिअरबॉक्स तयार करण्याचा कारखाना उभारला. ताम्रपट व हस्तलिखितें ह्यांच्या शोधार्थ ह्या भागांत फिरणाऱ्या संशोधकाचें लक्ष अशा कारखान्याकडे सहसा जात नाहीं. तथापि यंत्राकडून यंत्र जुळवून घेण्याच्या विद्येस आतां साठ वर्षांहून अधिक काळ लोटला असून तिच्या इतिहासाचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत. तीं साधनें कोणतीं व तीं कां जपलीं पाहिजेत, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. चेक नाटककार कारेल चापेक ह्यानें १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या नाटकांत ‘रोबोट’ हा शब्द आला; तो त्यास त्याचा बंधु योसेफ ह्यानें सुचविला होता. चेक भाषेंतील ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीनें करावें लागणारें काम, अर्थात् आपली वेठ. वेठ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’ ह्यापासून आला; आणि वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन ह्याच्या चम्मक ताम्रपटांत दान दिलेलें गांव सर्व विष्टींतून मुक्त केल्याचा उल्लेख आहे. मराठींत ‘यंत्रमानव’ हा शब्द रूढ झाला खरा. परंतु कारखान्यांतील ह्या यंत्रास मस्तक नाहीं व पायहि नाहींत, केवळ बाहु आहे. म्हणून येथें ‘यंत्रबाहु’ हा शब्द योजिला आहे.

यंत्रबाहूच्या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंतील एका पेटंटापासून धरतात. जॉर्ज डेव्हॉल ह्यानें १९५४ सालीं अर्ज केला व पेटंट १९६१ सालीं मंजूर झालें. जोसेफ एंगेलबर्गर ह्याच्या साह्यानें त्या कल्पनेस ‘युनिमेट’ हें रूप आलें, आणि १९६१ मध्येंच न्यू जर्सींतील ट्रेंटनजवळ जनरल मोटर्सच्या कारखान्यांत तें यंत्र कामास लागलें. सुमारें ४,००० पौंड वजनाचें तें यंत्र तप्त ओतीव भाग साच्यांतून काढून घेत असे. वजन उचलणारीं यंत्रें पूर्वींहि होतीं. येथें नवीन होती ती स्मृति. कोणत्या क्रमानें व कोठवर हात न्यावयाचा हें चुंबकीय दंडगोलावर नोंदलेलें असे, आणि ती नोंद बदलली म्हणजे तोच बाहु दुसरें काम करी. १९६८ सालीं जपानच्या कावासाकी कंपनीनें ह्या यंत्राचे हक्क घेतले, व पुढील वर्षीं जपानांत त्याची निर्मिति सुरू झाली.

ह्याच सुमारास नॉर्वेंतील त्राल्फा ह्या ढकलगाड्या बनविणाऱ्या कारखान्यांत रंग फवारणारा बाहु तयार झाला. त्यास शिकविण्याची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. कुशल रंगारी तो बाहु हातांत धरून एकदां काम करून दाखवी व त्याची हालचाल चुंबकीय फितीवर उतरे. नंतर यंत्र तीच हालचाल पुन्हां पुन्हां करी. मोडी कागदावरून लेखनिकाचें वळण ओळखणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको कीं, त्या फितीवर एका विशिष्ट कारागिराच्या हाताचें वळणच उतरलें होतें.

परंतु उचलणें व रंगविणें वेगळें, आणि जुळविणें वेगळें. गिअरबॉक्सचेंच उदाहरण घ्यावें. त्यांतील दंड बेअरिंगांत बसवावयाचा, तर दोहोंमधील मोकळीक अत्यंत थोडी असते. दंड किंचित् तिरपा झाला कीं अडकतो, व तसाच रेटल्यास भाग खराब होतो. माणूस अशा वेळीं हात थोडा सैल सोडतो, दंड जरा हालवितो, आणि तो आपली वाट आपणच शोधतो. हें शहाणपण कोणत्याहि आराखड्यांत लिहिलेलें नसतें; तें बोटांत असतें. यंत्रबाहूस हें सैल सोडणें कसें शिकवावें, हाच जुळणीच्या इतिहासांतील खरा प्रश्न होय.

त्याचीं उत्तरें क्रमाक्रमानें मिळालीं. व्हिक्टर शाइनमन ह्यानें १९६९ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत संगणकानें चालणारा विजेचा बाहु तयार केला. त्या विद्यापीठांत १९७३ च्या सुमारास अशा बाहूनें मोटारीचा पाण्याचा पंप जुळवून दाखविला. १९७४ सालीं स्वीडनच्या आसेआ कंपनीनें सूक्ष्मसंस्कारकावर चालणारा विजेचा बाहु विक्रीस आणला. १९७८ सालीं शाइनमनच्या रचनेवरून युनिमेशन कंपनीनें ‘प्यूमा’ हा जुळणीचा बाहु काढला. त्याच वर्षीं जपानांतील यामानाशी विद्यापीठाचे हिरोशी माकिनो ह्यांनीं ‘स्कारा’चा पहिला नमुना केला. हा बाहु वरून खालीं दाबतांना ताठ राहतो, पण आडव्या दिशेस किंचित् लवतो. त्यामुळें भाग भोकांत आपोआप सरकतो. कारागिराचें सैल सोडणें येथें यंत्राच्या सांध्यांत आलें. १९८१ सालीं स्कारा बाजारांत आला. गडेगांवचा कारखाना पुढच्याच वर्षाचा आहे.

महाराष्ट्रांत ह्या विद्येचें केंद्र पुणें होय. टाटांनीं निसान कंपनीचा ऑस्ट्रेलियांतील बंद पडलेला मोटार-कारखाना विकत घेतला, तो सुटा करून समुद्रमार्गें पुण्यास आणिला, आणि १९९८ सालीं इंडिका गाडी बाहेर काढली. चाकण येथें बजाज ऑटोनें २०१० पासून माणसाच्या शेजारीं, मध्यें कुंपण न घालतां काम करणारे हलके बाहु जुळणीस लावले. २०१७ सालीं टाटांच्याच टाल कंपनीनें ‘ब्राबो’ हा देशांत आंखलेला बाहु लहान कारखानदारांसाठीं पांच ते सात लक्ष रुपयांस विक्रीस आणिला.

आतां साधनांकडे वळूं. यंत्राचा लोखंडी सांगाडा टिकतो. त्याची स्मृति टिकत नाहीं. चुंबकीय नोंदीवर नवी नोंद केली कीं जुनी पुसली जाते. पुढच्या काळांतील अनेक बाहूंच्या आज्ञा व मोजमापें लहान विद्युत्कोशाच्या बळावर राहत. तो संपला व बदलला नाहीं, कीं सर्व नाहीसें होई. फिती व तबकड्या उरल्या, तरी त्या वाचणारीं यंत्रें मोडींत जातात. जुनी पोथी कसरीनें खाल्ली तरी चार पानें हातीं लागतात. येथें एक अक्षरहि उरत नाहीं. आणि जें जातें तें निव्वळ यंत्राचें नव्हे. ज्या कामगारानें बाहूस वाट दाखविली, त्याच्या हाताचें ज्ञान त्या नोंदींत होतें. पुष्कळदां त्याचेंच काम पुढें यंत्राकडे गेलें, व त्याचें नांव कोठेंच राहिलें नाहीं. वेठ करणाऱ्यांचीं नांवें ताम्रपटांत नाहींत. पण निदान त्यांची वेठ तरी नोंदलेली आहे.

तस्मात् संग्राहकांनीं आपल्या दप्तरांत ह्या नव्या कागदांसहि जागा द्यावी. जुळणीचीं सूचनापत्रकें, यंत्रांच्या दुरुस्तीच्या वह्या, पाळीच्या नोंदी, आज्ञांच्या छापील प्रती व तबकड्या रद्दींत जाण्यापूर्वीं मिळवाव्या. चुंबकीय साधनांची तत्काळ नवी प्रत करावी, व ती कोणत्या यंत्राची, कोणत्या वर्षाची हें कागदावर लिहून ठेवावें. १९८० नंतरच्या दशकांत जे कामास लागले ते कामगार आतां निवृत्त झालेले वा होत आलेले आहेत. त्यांच्या जबान्या त्यांच्या अनुमतीनें टिपून घ्याव्या. भंडाऱ्याच्या कासारांची पितळकामाची विद्या आणि गडेगांवच्या जोडाऱ्याची जुळणीची विद्या ह्या दोन्ही एकाच जिल्ह्याच्या हातांच्या आहेत. हें काम लाखनीपासून आरंभिण्यास कांहींच हरकत नाहीं.