४४,१०० आले कुठून?

काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण धावू लागलं की शेकडो मोबाइल उंचावतात. त्या व्हिडिओतला टाळ-मृदंग बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी, म्हणजे तितक्या वेळा मोजून, नोंदला जातो. अभंगांच्या सीडीवर मात्र आकडा ४४,१००. हा अडनिडा आकडा आला कुठून?

टीव्हीच्या पडद्यातून! १९७०च्या दशकात डिजिटल आवाजाचा पसारा मावेल अशी सोयीची जागा होती व्हिडिओ टेप. सोनीच्या यंत्रांनी चित्राच्या प्रत्येक ओळीत आवाजाचे तीन नमुने बसवले. टीव्हीचं प्रत्येक चित्र दोन अर्धचित्रांत रंगतं. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत दर अर्धचित्रात कामाच्या ओळी २४५ आणि सेकंदाला अर्धचित्रं ६०: २४५ × ६० × ३ = ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ × ५० × ३, म्हणजे पुन्हा ४४,१००. ही दुसरी पद्धत आपल्याही घरची. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, ते याच ६२५ ओळींच्या आणि ५० हर्ट्‌झच्या मापावर.

४४,१००च्या या कुळकथेला प्रतिस्पर्धी आहेत. पहिला कानाचा: माणसाला २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं आणि नायक्विस्टच्या नियमाने नमुने त्याच्या दुपटीहून जास्त हवेत. खरंच, पण तेवढ्यासाठी ४२,००० किंवा ४५,०००ही चालले असते. दुसरा गणिताचा: २ × ३ × ५ × ७ = २१० आणि २१०चा वर्ग ४४,१००. देखणा योग, पण ओळींच्या हिशेबातून आपोआप आलेला. तिसरा आक्षेप जड आहे. अमेरिकी रंगीत टीव्हीचा वेग नेमका ६० नव्हे, ५९.९४, त्यातून ४४,०५६ निघतात आणि तशी यंत्रंही होती. तरी १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ४४,१००च घेतले. दोन्ही पद्धतींच्या टेपवर बिनतोड बसणारा आकडा टिकला, हेच पटतं.

४८,००० हे चित्रपट-टीव्हीवाल्यांचं माप. सिनेमाच्या सेकंदाला २४ चौकटी. ४८,००० त्यात नेमके विभागतात, ४४,१०० विभागताना अर्धा नमुना उरतो.

ही दोन कुळं भिडली संगणकात. इंटेलच्या १९९७च्या एसी'९७ मापदंडातल्या सुरुवातीच्या चिप ४८,०००वरच चालत, त्यामुळे सीडीचं गाणं रूपांतर होऊनच बाहेर पडे. आजही विंडोज सगळे आवाज एकत्र मिसळताना एकच दर धरतं. रूपांतर नीट झालं तर कानाला कळत नाही. पण ४८,०००ची फाइल ४४,१०० समजून वाजली, तर तासाचं कीर्तन ६५ मिनिटं चालतं आणि पांढरी दोनचा सूर पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधोमध लोंबकळतो.

रूपांतरच टाळायचं, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमधल्या 'डिफॉल्ट फॉरमॅट'मध्ये रिंगणाच्या व्हिडिओसाठी ४८,००० आणि सीडीसाठी ४४,१०० निवडावेत. प्लेअरमध्ये 'एक्स्क्लुझिव्ह मोड' किंवा स्टाइनबर्गच्या एएसआयओ ड्रायव्हरची सोय असेल, तर विंडोजचं मिश्रण मधून वगळता येतं.