रिप्युनिट मूळ संख्या

केवळ १ हाच अंक पुनःपुन्हा लिहून होणाऱ्या ११, १११, ११११ यांसारख्या संख्यांस ‘रिप्युनिट’ म्हणतात. त्यांपैकी जिला १ व ती स्वतः यांखेरीज विभाजक नाही, ती रिप्युनिट मूळ (अविभाज्य) संख्या होय. १० च्या न-व्या घातातून १ वजा करून ९ ने भागल्यास न अंकांची रिप्युनिट मिळते.

महाराष्ट्रात या संख्यांचा व्यासंग देवळाली (जि. नासिक) येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी केला. रिप्युनिटांचे वर्ग १, १२१, १२३२१ असे चढत-उतरत जातात. हे वर्ग कापरेकरांच्या ‘डेम्लो संख्यां’पैकी होत. हे नाव मुंबईजवळील डेम्लो (आताचे डोंबिवली) या रेल्वे स्थानकावरून पडले. वर्गांची ही सममिती नऊ एकांपर्यंतच टिकते. दहा एकांच्या वर्गात हातचे येतात व १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळून सममिती मोडते. पदव्युत्तर शिक्षण न घेतलेल्या कापरेकरांच्या कार्याकडे भारतीय गणितज्ञांनी प्रारंभी गांभीर्याने पाहिले नाही. मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ मधील लेखामुळे ते जगभर परिचित झाले.

अंकांची ही मांडणी निव्वळ करमणूक आहे काय, याचे उत्तर रिप्युनिटांच्या विभाज्यतेत मिळते. अंकांची संख्या संयुक्त असल्यास रिप्युनिटही संयुक्त असते. उदा., १११११११११ या संख्येस १११ ने भाग जातो. याचा व्यत्यास मात्र खरा नाही : १११ = ३ × ३७, १११११ = ४१ × २७१.

११ नंतरची रिप्युनिट मूळ संख्या थेट एकोणीस अंकी आहे : १११११११११११११११११११. तिला विभाजक असता, तर त्याचा प्रत्येक मूळ अवयव ३८क + १ या रूपाचा असता. तिचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी असल्यामुळे अशा रूपाच्या सुमारे २ कोटी ७७ लक्ष संख्या विचारात घ्याव्या लागतात. म्हणून केवळ भागाकाराने तिची परीक्षा करणे हाताने जवळजवळ अशक्य होते. तिचे मूळत्व ऑस्कर हॉप या अमेरिकन गणितज्ञांनी १९१६ मध्ये सिद्ध केले. तिच्या व्यस्ताचा दशांश विस्तार अठरा शून्ये व एक ९ अशा एकोणीस अंकी आवर्तनाचा असतो. एवढ्याच लांबीचे आवर्तन असलेली दुसरी मूळ संख्या नाही.

तेवीस एकांच्या संख्येचे मूळत्व १९२९ मध्ये लेमर व क्राइचिक यांनी स्वतंत्रपणे दाखविले. पुढील ३१७ व १,०३१ अंकी संख्यांचे मूळत्व अनुक्रमे १९७० नंतरच्या दशकात व १९८६ मध्ये, तर ४९,०८१ अंकी संख्येचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. अशा मूळ संख्या अनंत आहेत असा तर्क आहे. सिद्धता मिळालेली नाही.

द्विमान पद्धतीतील रिप्युनिट म्हणजेच मेर्सेन संख्या होत. २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० दशमान अंकांची मेर्सेन मूळ संख्या द्विमानात लिहिल्यास १३,६२,७९,८४१ एकांची रांग होते. अशा रीतीने कापरेकरांनी ज्या अंकरचनेत रस घेतला, तीच ज्ञात प्रचंड मूळ संख्यांच्या शोधातही आढळते.