शिशाचा नळ आणि एक छोटासा गुणाकार

"पीएचडीत नेमकं करतोस काय?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, पाण्यात धातू किती विरघळेल याचा हिशेब. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग सरळ करूनच बघ ना, हिशेब कशाला?" आज त्याचं उत्तर देतो.

१८६४ साली नॉर्वेत गुल्डबर्ग आणि वागे या दोघा मेहुण्यांनी मांडलं की, रासायनिक अभिक्रियेचा समतोल कुठे साधणार हे घटकांच्या प्रमाणावर ठरतं. लेख नॉर्वेजियन भाषेत होता, त्यामुळे बाहेर फारसा कुणी वाचला नाही. योगायोग बघा, त्याच वर्षी जन्मलेल्या वाल्थर नेर्न्स्टने १८८९ मध्ये हा विचार क्षारांच्या विद्राव्यतेला लावला.

उदाहरण घेऊ लेड सल्फेटचं. त्याच्या संपृक्त द्रावणात शिशाच्या आयनांची संहती गुणिले सल्फेटची संहती, हा गुणाकार ठरावीक तापमानाला ठरलेला असतो. २५ अंश सेल्सिअसला तो साधारण ०.०००००००१६ आहे. शुद्ध पाण्यात दोन्ही आयन सारखेच सुटतात, म्हणून वर्गमूळ काढायचं. लिटरमागे शिसं येतं सुमारे २६ मिलिग्रॅम. आता पाण्यात आधीपासूनच लिटरला ०.०१ मोल सल्फेट असेल तर? गुणाकार तोच राहायला हवा, म्हणजे एक आकडा वाढला की दुसरा घटणारच. शिसं उरतं ०.३३ मिलिग्रॅम, जवळपास ८० पट कमी!

पण थांबा. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे सल्फेटने भागत नाही. फॉस्फेट मात्र शिशाला कितीतरी घट्ट धरून ठेवतं. म्हणून जिथे जुने शिशाचे नळ आहेत, तिथे पाण्यात थोडं ऑर्थोफॉस्फेट घालतात. गंजणाऱ्या शिशातून सुटलेले आयन त्याच्याशी जुळतात आणि नळाच्या आतून न विरघळणारा थर बसतो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी त्याने डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. डेट्रॉइटच्या पाण्यात फॉस्फेट असायचं. नदीच्या पाण्यात ते घातलंच नाही, वर त्यात क्लोराइडही जास्त. नळ तेच होते, पण आतला थर सुटू लागला. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं आकडेवारीनिशी दाखवलं. ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं.

हिशेबाला मर्यादा आहेतच. थराचे कण निखळून पाण्यात आले तर ते या गुणाकारात दिसत नाहीत. पण फॉस्फेट काढलं की शिसं कुठल्या दिशेला जाणार, हे कागदावर आधीच कळतं. "करूनच बघ" म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच फ्लिंटची गोष्ट सांगतो. तिथे करूनच बघितलं गेलं, आणि निकाल मुलांच्या रक्तात मिळाला.

पुढच्या वेळी पाण्याचा सामू आणि कार्बोनेट या हिशेबात कसे येतात ते बघू.